काचेची फळी आणि भिंतींचे प्रकार

भारतातील जुन्या घरांतून वस्तू ठेवण्याची सोय बहुधा भिंतीच्या पोटातच केलेली असे. महाराष्ट्रात तिला कोनाडा म्हणतात, उत्तरेकडे ताखा. हात-दीड हात जाडीच्या भिंतीत अशी पोकळी ठेवणे अवघड नव्हते, आणि तीत ठेवलेल्या तांब्याचा किंवा समईचा भार सरळ खाली भिंतीवरच पडत असे. भिंती पातळ झाल्या तसे कोनाडे गेले व त्यांच्या जागी भिंतीबाहेर आलेल्या फळ्या दिसू लागल्या. ह्या फळीला खालून टेकू नसतो. तिचा सारा भार दोन-चार स्क्रूंनी तोलून धरलेला असतो. फळी लाकडाची असेल तर ती आधी वाकते, करकरते, निदान घरातील माणसांना सावध तरी करते. काच असा कोणताही इशारा देत नाही.

लोखंडाच्या वा लाकडाच्या अंगी थोडेफार नमण्याचा गुण असतो. ताण एका ठिकाणी एकवटला तर तो भाग किंचित दबतो आणि ताण आजूबाजूला वाटला जातो. काचेत हे घडत नाही. तिच्या पृष्ठभागावर, विशेषतः कापलेल्या कडेवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. ए. ए. ग्रिफिथ ह्या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली दाखवून दिले, की काचेचे बळ ह्या चिरांवरूनच ठरते. चिरेच्या टोकाशी ताण साचतो आणि एका मर्यादेपलीकडे ती क्षणार्धात आरपार धावते. म्हणून फळीच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात, आणि काच व धातू ह्यांची थेट गाठ कोठेही पडू देऊ नये. मधे रबराची किंवा नायलॉनची चकती हवीच. काच शक्यतो ‘टफन्ड’ घ्यावी. साधी काच ६२० ते ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली, की तिचे बाहेरचे थर कायमचे दाबाखाली राहतात व चिरांना तोंड उघडण्यास वाव मिळत नाही. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर तिचे सुरीसारखे तुकडे न होता बारीक, बोथट खडे होतात. न्हाणीघरात माणूस अनवाणी असतो, तेथे हा फरक फार मोठा आहे. मात्र ही काच तयार झाल्यावर कापता येत नाही व तिला भोकही पाडता येत नाही. माप आधीच नक्की करावे लागते.

आता भाराचा हिशोब पाहू. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. ६० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड अशी फळी सुमारे १.८ किलोंची होते. तीवर सहा किलो वजनाच्या बाटल्या ठेवल्या, तर दोन ब्रॅकेटांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे चार किलो येतात. हा भार फळीच्या मध्यावर, म्हणजे भिंतीपासून साडेसात सेंटिमीटरांवर आहे असे धरू. ब्रॅकेटची खालची कड भिंतीला टेकलेली असते आणि वरचा स्क्रू तिच्यापासून समजा पाच सेंटिमीटर उंच असतो. ही एक तरफच झाली. वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढणारा जोर चार किलोंच्या दीडपट, म्हणजे सहा किलोंइतका होतो. हे काही फार नव्हे. परंतु तोल सावरताना कोणी फळीच्या पुढच्या कडेवर हात टेकून वीस किलोंचा भार दिला, तर दोन्ही ब्रॅकेटांच्या वरच्या स्क्रूंवर आणखी तीस-तीस किलोंची ओढ पडते. फळी लावणाऱ्याने बाटल्यांपेक्षा ह्या हाताचा विचार अधिक करावा.

ही ओढ पेलते ती स्क्रूच्या भोवतीची भिंत. पूर्वी सुतार भिंतीला चौकोनी भोक पाडून त्यात सागवानी खुंटी ठोकीत आणि खुंटीत स्क्रू पिळीत. लाकूड सुकले की खुंटी सैल होई. जॉन रॉलिंग्ज ह्या ब्रिटिश गृहस्थाने १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची नळी ह्या कामासाठी तयार केली. पुढे १९५८ साली जर्मनीत आर्तुर फिशर ह्यांनी नायलॉनची फाटदार नळी काढली. आपले मिस्त्री जिला गिट्टी म्हणतात ती हिच्याच कुळातली. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या बाजूंना घट्ट दाबून धरते. भोकाच्या बाजूच भुसभुशीत असतील तर गिट्टी कितीही चांगली असून उपयोग नाही.

म्हणून भिंत ओळखणे हे पहिले काम. बोटाच्या पेराने टकटक केली असता बराच अंदाज येतो, पण खरी साक्ष देते ती ड्रिलमधून पडणारी भुकटी. आधी थोडी राखी वाळू व मग तांबडी भुकटी आली तर गिलाव्यामागे भाजलेली वीट आहे. राखी भुकटी अगदी हळूहळू पडते आणि हाताला हादरे बसतात, तेव्हा ते काँक्रीट होय. पांढुरकी, हलकी भुकटी भराभर येऊ लागली तर तो वायुयुक्त काँक्रीटचा ठोकळा. राखी भुकटी येता येता ड्रिल एकाएकी पोकळीत गेले तर पोकळ ठोकळा.

विटांची भिंत सर्वांत सोयीची, पण तीतही एक चूक सर्रास होते. गिलावा बारा ते वीस मिलिमीटर जाड असतो. ४० मिलिमीटरांची गिट्टी भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल बसवली, तर तिचा निम्मा भाग केवळ गिलाव्यात राहतो, आणि गिलावा हा भार पेलण्यासाठी नसतोच. भोक खोल घ्यावे, गिट्टी पूर्णपणे विटेत ढकलावी आणि स्क्रू त्या मानाने लांब वापरावा. भोक विटेच्या मध्याजवळ यावे. दोन विटांमधील सांध्यात नव्हे. बसवण्यापूर्वी आतील भुकटी फुंकून काढावी. भोक मोठे झाले तर त्यात आगकाड्या कोंबण्याची रीत देशभर आहे. काचेच्या बाबतीत ती सर्वस्वी त्याज्य समजावी. लोणा लागून गिलावा फुगलेल्या भिंतीवर ओल थांबेपर्यंत फळी लावू नये.

काँक्रीटमध्ये पकड उत्तम मिळते. ड्रिल सळईला अडले तर हट्ट न करता भोक थोडे बाजूला घ्यावे. वायुयुक्त ठोकळ्यांचे तसे नाही. आजच्या शहरांतील उंच इमारतींत हे हलके ठोकळे पुष्कळ वापरतात. त्यांना ड्रिलचा आघात सोसत नाही, म्हणून नुसते फिरवून भोक पाडावे आणि त्यांच्यासाठीच बनवलेली लांब, रुंद पात्यांची गिट्टी घ्यावी. पोकळ ठोकळ्यात जाळीची नळी बसवून तीत रासायनिक लेप भरतात. लेप जाळीबाहेर येऊन पोकळीत गाठीसारखा घट्ट होतो.

काही भिंती मुळात भार घेणाऱ्याच नसतात. आसामातील जुन्या पद्धतीच्या घरांत लाकडी चौकटीत इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या काड्या बसवून त्यावर लिंपण केलेले असते. काश्मीरमधील धज्जी-देवारीत लाकडी चौकटीमध्ये विटांचा किंवा दगडांचा पातळ भराव असतो. अशा ठिकाणी स्क्रू लाकडी खांबातच जावा. कार्यालयांतील जिप्समच्या पडद्यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांच्या मागील पत्र्याचे उभे खांब बहुधा ६० सेंटिमीटरांच्या अंतराने असतात, आणि तक्ता खांबाला जोडणारे स्क्रू लोहचुंबकाने सापडतात. केवळ साडेबारा मिलिमीटरांच्या तक्त्यावर काच टांगणे, जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, शहाणपणाचे नाही.

न्हाणीघरातील चिनीमातीच्या लाद्यांची अडचण निराळी. लादी गुळगुळीत असल्याने ड्रिल घसरते; तेथे चिकटपट्टी लावून भाल्यासारख्या टोकाच्या पात्याने, आघाताविना, हळूहळू भोक पाडावे. लादी ओलांडल्यावरच आघात सुरू करावा. गिट्टी लादीच्या मागे, भिंतीत गेली पाहिजे, नाहीतर ती फुगताना लादीच तडकवते. टकटक केल्यावर पोकळ वाजणारी लादी टाळावी. नळाच्या आणि विजेच्या बटणांच्या सरळ वर-खाली किंवा त्याच पातळीत आडवे भोक पाडू नये, कारण नळ्या व तारा बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात. विजेचा मुख्य खटका बंद करून काम करावे हे उत्तम. तेव्हा हाताने चालणारे किंवा बॅटरीवरचे ड्रिल लागेल.

ब्रॅकेट लावताना ते फळीच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे पाचव्या भागावर यावेत, म्हणजे काच मध्ये कमी वाकते. दोन्ही एका पातळीत आहेत की नाहीत हे पाणसळीने पाहावे. त्यानंतर काच लगेच चढवू नये. रासायनिक लेप असेल तर तो पुरता घट्ट होऊ द्यावा. मग प्रत्येक ब्रॅकेटच्या पुढच्या टोकाला दहा लिटर पाण्याने भरलेली बादली टांगून रात्रभर ठेवावी. सकाळी ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून केसभरही सुटलेली दिसली, तर गिट्टी काढून भोक दुसरीकडे पाडावे.