परक्या देशांतील पहिले दिवस

परक्या देशांत शिक्षक म्हणून जाणारा मनुष्य मोठ्या चमत्कारिक स्थितींत सांपडतो. वर्गांत तो गुरु असतो; वर्गाबाहेर पाऊल टाकतांच तो लहान मूल होतो. पादत्राणें कोठें काढावींत, नमस्कार करतांना किती वांकावें, पुढें आलेलें ताट कसें संपवावें, हें सारें त्याला बहुधा आपल्याच विद्यार्थ्यांकडून शिकावें लागतें. जपानांत अशा शिक्षकांची परंपरा जवळजवळ दीडशें वर्षांची आहे. १८६८ सालीं मेइजी राजवट सुरू झाल्यावर नव्या सरकारनें पाश्चात्य विद्या आपल्या देशांत आणण्यासाठीं युरोप-अमेरिकेंतून इंजिनियर, डॉक्टर, कायदेपंडित आणि शिक्षक भरघोस पगार देऊन बोलाविले. जपानी माणसें तयार करावींत आणि मग आपली जागा त्यांना मोकळी करून द्यावी, एवढेंच त्यांचें काम. ह्या पाहुण्यांपैकीं आपले तेथील पहिले दिवस विलक्षण बारकाईनें लिहून ठेवणारे गृहस्थ म्हणजे लाफ्काडिओ हर्न.

हर्न ह्यांचा जन्म १८५० सालीं लेफ्काडा ह्या ग्रीक बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश, ब्रिटिश फौजेंत डॉक्टर. बालपण डब्लिन शहरीं गेलें. शाळेंत असतांनाच डाव्या डोळ्याची दृष्टि गेली आणि दुसराही डोळा अधू राहिला. एकोणिसाव्या वर्षीं ते अमेरिकेंत गेले आणि तेथें वर्तमानपत्रांत लिहून त्यांनीं पोट भरलें. ४ एप्रिल १८९० रोजीं एका अमेरिकन मासिकासाठीं लेख लिहावयाचे म्हणून ते योकोहामा बंदरांत उतरले. परंतु लवकरच प्रकाशकांशीं बिनसलें आणि नोकरी शोधणें भाग पडलें. टोकियोच्या विद्यापीठांतील प्राध्यापक बेझिल हॉल चेंबर्लेन ह्यांच्या खटपटीनें त्यांना शिमाने प्रांतांतील मात्सुए शहरीं इंग्रजी शिकविण्याची जागा मिळाली. मुदत एक वर्षाची, पगार दरमहा शंभर येन. प्रथम दर्शनीं मनावर उमटलेलें चित्र क्षणभंगुर असतें, तें पुन्हां उमटत नाहीं, म्हणून जें दिसेल तें तत्काळ लिहून ठेवावें, असा उपदेश एका इंग्रज प्राध्यापकानें त्यांना आरंभींच केला होता. हर्न ह्यांनीं तो मनापासून पाळला.

त्या वेळीं मात्सुएपर्यंत रेल्वे गेलेली नव्हती. माणसानें ओढावयाच्या गाडींतून डोंगर ओलांडीत चार दिवसांचा प्रवास करावा लागे. ह्या गाडीचें जपानी नांव ‘जिनरिक्षा’. आपल्याकडील ‘रिक्षा’ हा शब्द त्याचाच वंशज होय. ऑगस्टच्या अखेरीस हर्न मात्सुएस पोंचले. शिंजी सरोवराच्या कांठीं वसलेलें, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशीं पसरलेलें हें शहर. तेथल्या पहांटेचें त्यांनीं केलेलें वर्णन प्रसिद्ध आहे आणि तें मुख्यतः आवाजांचें वर्णन आहे. ज्याचे डोळे अधू, त्याचे कान तीक्ष्ण असावेत हें स्वाभाविकच आहे. पायानें दाबून चालवावयाच्या मोठ्या मुसळानें भात कांडण्याचा घुमणारा आवाज प्रथम येई. मागून देवळांतील घंटा, मग भाजी विकणाऱ्यांच्या आरोळ्या. सूर्य वर येऊं लागला कीं, नदीकांठीं उभे राहून त्याला वंदन करणाऱ्यांच्या टाळ्या ऐकूं येत. आणि दिवस सुरू झाला कीं, लांकडी पुलावरून जाणाऱ्या शेंकडों खडावांचा खडखडाट चाले. पहांटेचें कांडण, घंटा आणि सूर्यवंदन ज्यांना घरचें वाटावें अशा आपल्या वाचकांना ह्या वर्णनाची गोडी सहज समजेल.

२ सप्टेंबर १८९० रोजीं शाळा सुरू झाली. शिक्षक येतांच सारा वर्ग उठून वांकून अभिवादन करी. हर्न ह्यांना सर्वांत नवल वाटलें तें हें कीं, छडीचा धाक जवळजवळ कोठेंच नव्हता. शिक्षकाचें विद्यार्थ्यांशीं नातें वडील भावासारखें होतें. मुख्याध्यापकांच्या खालोखाल असलेले निशिदा सेन्तारो उत्तम इंग्रजी जाणत. ते हर्न ह्यांचे दुभाषे, वाटाडे आणि जिवलग मित्र झाले.

निबंध तपासतांना मात्र हर्न ह्यांना पेंच पडला. विषय कोणताही असो, सर्व मुलांच्या कल्पना एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटत. बर्फावर उमटलेल्या खडावांच्या खुणांना बहुतेकांनीं जपानी लिपींतील दोनच्या आंकड्याची उपमा द्यावी! तो आंकडा म्हणजे दोन आडव्या रेघा, आणि खडावांच्या तळाशीं दोन आडव्या पट्ट्या असतात. मुलांना स्वतंत्र विचार नाहीं, असा निष्कर्ष काढून मोकळें होणें सोपें होतें. हर्न ह्यांनीं अधिक शोध केला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, ह्या उपमा शतकानुशतकें कवींनीं आणि चित्रकारांनीं घडविलेल्या आहेत, आणि योग्य जागीं योग्य उपमा आठवणें हीच तेथें सुसंस्कृतपणाची खूण मानली जाते.

दुसरें उदाहरण जपानी स्मिताचें. बंदरांतील युरोपियन मंडळींची तक्रार असे कीं, घरांतील माणूस दगावल्याची बातमी सांगतांनाही जपानी नोकर हंसतात. सारांश, त्यांना हृदय नाहीं. ह्या स्मितावर हर्न ह्यांनीं एक सबंध निबंध लिहून उलगडा केला. आपल्या दुःखाचा भार समोरच्या माणसावर पडूं नये, म्हणून तें हंसूं असतें. बंदरवासीयांनीं जें पाहिलें तें खरें होतें. त्यांनीं त्याचा लावलेला अर्थ मात्र सर्वस्वीं खोटा होता.

येथपर्यंत असें वाटेल कीं, चूक तिरस्काराच्या दृष्टीचीच होते आणि प्रेमाची दृष्टि अचूक असते. तसें नाहीं. ३० ऑक्टोबर १८९० रोजीं, म्हणजे हर्न येऊन दोन महिने झाले असतां, सम्राटांचा शिक्षणविषयक आदेश निघाला. मात्सुएच्या शाळेंतील त्याच्या वाचनाचा गंभीर समारंभ हर्न ह्यांनीं आदरानें वर्णिला आहे. मुलांची राजनिष्ठा त्यांना मोहक वाटली. पण पुढच्याच जानेवारींत टोकियोच्या एका शाळेंत उचिमुरा कान्झो ह्या ख्रिस्ती शिक्षकानें त्या आदेशपत्रापुढें पुरेसें नमन केलें नाहीं म्हणून गहजब झाला व त्याला नोकरी सोडावी लागली. पुढें कित्येक पिढ्यांना निमूट आज्ञापालनाचे पाठ ह्याच आदेशाच्या आधारें मिळाले. आणि महायुद्धांतील पराभवानंतर १९४८ सालीं जपानी संसदेनें ठराव करून तो रद्द ठरविला. समारंभांतील शांतता हर्न ह्यांनीं ऐकली. तिच्यांत दडलेली सक्ती त्यांच्या तीक्ष्ण कानांनाही ऐकूं आली नाहीं.

मात्सुएचा हिंवाळा कडक. तो त्यांना सोसवेना. दरम्यान कोइझुमी सेत्सु ह्या, दारिद्र्य आलेल्या सामुराई घराण्यांतील स्त्रीशीं त्यांचा संसार सुरू झाला होता. नोव्हेंबर १८९१ मध्यें ते कुमामोतोच्या मोठ्या शाळेंत गेले. तें शहर लष्करी होतें, सहकारी अलिप्त होते, आणि जुन्या जपानचा मागमूस तेथें कमी होता. त्या काळच्या त्यांच्या पत्रांतून निराशा उघड दिसते. गंमत अशी कीं, मात्सुएच्या आठवणींचे त्यांचे दोन खंड १८९४ सालीं प्रसिद्ध झाले, ते ह्या निराशेच्या काळांतच. पण देश त्यांनीं सोडला नाहीं. पत्नी आणि मुलगा ह्यांचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून १८९६ सालीं त्यांनीं जपानी नागरिकत्व घेतलें आणि ‘कोइझुमी याकुमो’ हें नांव धारण केलें. त्याच वर्षीं ते टोकियोच्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य शिकवूं लागले. १९०३ सालीं तेथील नेमणूक संपली. त्यांच्या जागीं आलेल्यांत इंग्लंडांत शिकून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. तेच पुढें जपानचे थोर कादंबरीकार झाले. परदेशी शिक्षकाची जागा देशी शिक्षकानें घ्यावी, हा मूळ हेतु येथें अक्षरशः सिद्धीस गेला.

२६ सप्टेंबर १९०४ रोजीं हर्न वारले. त्याच वर्षीं निघालेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथांत त्यांनीं एका दिवंगत जपानी मित्राचा अभिप्राय नमूद केला आहे. त्याचा आशय असा कीं, चार-पांच वर्षें राहून हे लोक आपणांस मुळींच कळत नाहींत अशी खात्री पटेल, तेव्हां कोठें कळण्यास आरंभ होईल. चौदा वर्षें राहिलेल्या माणसानें हें वाक्य जपून ठेवावें, ह्यांत त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

१९८७ पासून जपान सरकारच्या योजनेखालीं दरवर्षीं परदेशी तरुण तेथील शाळांत भाषा शिकविण्यास जात आले आहेत. पहिल्या दिवसांची टिपणें त्यांनींही अवश्य लिहावींत. कारण सवय झाली कीं पहांटेचे आवाज ऐकूं येईनासे होतात. मात्र टिपणांत जें दिसलें, जें ऐकलें तेंच असावें. अर्थाची जागा कांहीं वर्षें कोरीच ठेवावी.