जैवइंधन आणि ट्रॅक्टरचा आवाज

मृगाच्या सरी कोसळल्या की अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील भातखाचरांत चिखलणीची लगबग सुरू होते. पूर्वी तेथे बैलांना घातलेली साद ऐकू येई. आता ट्रॅक्टर व पॉवर टिलर यांची घरघर असते. राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१८ मध्ये डिझेलात ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंतसाठी ठरविले. या मिश्रणाने ही घरघर कमी होईल काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला जातो आणि क्षणार्धात तो पेट घेतो. हा क्षण लांबला, तर साचलेले इंधन एकदम भडकते व कर्कश ठोका उमटतो. इंधन किती चटकन पेटते, हे सिटेन अंकावरून कळते. जैवडिझेलचा हा अंक सामान्यतः चांगला असल्याने ठोका काहीसा सौम्य होतो. इथेनॉलचे याच्या उलट आहे. ते डिझेल इंजिनात सहजी पेटत नाही.

तथापि, ठोका हा एकूण आवाजाचा एक भाग होय. धुराडे, पंखा व दातेरी चाके यांचा आवाज इंधन बदलल्याने घटत नाही. त्यामुळे ५ टक्के मिश्रणाचा फरक कानाला जाणवेल, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

किनारपट्टीत आणखी एक दक्षता हवी. जैवडिझेल दमट हवेतील पाणी शोषून घेते. हंगामानंतर ते टाकीत दीर्घकाळ राहिल्यास गाळ साचून फवाऱ्याची छिद्रे चोंदतात आणि ठोका उलट वाढतो. कोकणात आढळणाऱ्या करंज व उंडी यांच्या बियांपासून जैवडिझेल करता येते. परंतु घाण्याचे दाट तेल तसेच टाकीत ओतणे इंजिनास घातक ठरते.

प्रश्न अखेर चालकाच्या कानांचा आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, ही सामान्यतः मानली जाणारी मर्यादा. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८८ डेसिबलला ती ४ तासांवर येते. बंदिस्त केबिन नसलेल्या अनेक ट्रॅक्टरांवर आवाज ९० डेसिबलपलीकडे जातो. अशा आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

सुस्थितीतील सायलेन्सर, वेळच्या वेळी बदललेली इंधन गाळणी आणि चालकाच्या कानांत बोळे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. चिखलणीपूर्वीच्या ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ते समजावून दिल्यास जैवइंधनाची वाट न पाहताही अनेकांचे कान वाचतील.