नळी तेवढीच, बंदूक आखूड

दडून नेम साधणाऱ्या स्नायपरच्या रायफलीपुढे एक जुनाच पेच आहे. दूरवर अचूक मारा करावयाचा तर नळी लांब हवी आणि ती घेऊन झुडपांतून सरपटावयाचे किंवा हेलिकॉप्टरमधून उतरावयाचे तर बंदूक आखूड हवी. नळी कापून हा पेच सुटत नाही. काडतुसातील दारू पेटल्यावर निर्माण होणारा वायू गोळीला ती नळीत आहे तोवरच रेटतो. नळी तोकडी पडली की वेग घटतो, लक्ष्य गाठण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या अवधीत वारा व गुरुत्वाकर्षण गोळीला अधिक भरकटवतात.

यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘बुलपप’ रचना. नेहमीच्या रायफलीत चापामागचा दस्ता खांद्याला टेकविण्यापुरताच असतो. ती जागा जवळजवळ वाया जाते. बुलपपमध्ये बोल्ट, काडतुसाचे घर आणि मॅगेझिन यांची रवानगी चापामागे, या दस्त्यातच केली जाते. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने म्हणजे एआरडीईने घडविलेल्या इन्सास रायफलीची नळी 464 मिलिमीटरची, तर एकूण लांबी 960 मिलिमीटर. भारताच्या विशेष दलांनी घेतलेली इस्रायली ताव्होर ही बुलपप. तिची नळी 460 मिलिमीटर, पण एकूण लांबी अवघी 720. काडतूस दोघींचे एकाच मापाचे.

मोठ्या काडतुसाच्या रायफलीत हा लाभ आणखी ठळकपणे दिसतो. 2019 च्या सुरुवातीस नियंत्रण रेषेवरील जवानांच्या हाती ज्या नव्या स्नायपर रायफली आल्या, त्यांत अमेरिकेची बॅरेट एम-95 होती. तिच्याच घराण्यातील एम-82 ही रायफल सुमारे 1,450 मिलिमीटर लांब; एम-95 मात्र तेवढीच, सुमारे 737 मिलिमीटरची नळी ठेवून 1,143 मिलिमीटरमध्ये बसते. म्हणजे फूटभर लांबी वाचली.

मग सगळ्याच स्नायपर रायफली अशा का नाहीत? कारण या फूटभराची किंमत मोजावी लागते. चाप पुढे आणि बोल्ट मागे गेल्याने दोहोंना जोडणारा लांब दुवा आवश्यक ठरतो. तो किंचित जरी लवला तरी चापाची ओढ जड आणि संदिग्ध होते. साध्या सैनिकाला हे चालून जाईल. श्वास रोखून एकच गोळी झाडणाऱ्या निशाणबाजाला चालत नाही. बोल्ट गालाशी आल्यामुळे तो हाताने ओढताना नेमाची बैठक मोडते. रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे उडत असतील तर डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या येण्याचा धोका असतो. फ्रान्सने अनेक दशके वापरलेली फामास ही बुलपप बाजूला सारून 2017 पासून पारंपरिक रचनेची जर्मन रायफल स्वीकारली, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुण्यात याच पेचाचे एक निराळे उत्तर शोधले गेले, तेही स्नायपरसाठी नव्हे, तर समोरासमोरच्या चकमकीसाठी. इन्सास मालिकेतील रायफल आणि लाइट मशीनगन लष्करात रुजल्या. कार्बाइन रुजली नाही. पुढे एआरडीईने जी संरक्षक कार्बाइन घडविली, तिला ‘जेव्हीपीसी’ म्हणतात. डीआरडीओ तिचे वर्णन ‘अर्ध-बुलपप’ असे करते. तिचे मॅगेझिन दस्त्यात मागे नाही आणि चापाच्या पुढेही नाही. ते मुठीतच बसते. अंधारात मॅगेझिन बदलताना एका हाताला दुसरा हात आपोआप सापडतो, आणि शस्त्राचा भार मुठीवर आल्याने एका हातानेही गोळी झाडता येते. वजन सुमारे 3 किलो.

तिच्यासाठी काडतूसही निराळे आहे. इन्सासच्या काडतुसाची पुंगळी 45 मिलिमीटरची, हिची 30 ची. आखूड नळीत मोठ्या काडतुसाची सारी दारू कामी येत नाही. उरतो तो झोत, आवाज आणि धक्का. हे लहान काडतूस 1869 पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होते, तर कार्बाइन कानपूरच्या कारखान्यात. 7 डिसेंबर 2020 रोजी लष्कराच्या चाचण्यांचा अंतिम टप्पा तिने पार केला. त्याआधी गृहमंत्रालयाच्या चाचण्याही उत्तीर्ण झाल्या होत्या, आणि केंद्रीय सशस्त्र दलांनी व काही राज्यांच्या पोलिसांनी खरेदीची प्रक्रिया सुरू केली होती.

लष्कराची मोठी मागणी मात्र 45 मिलिमीटरच्याच काडतुसाची निघाली, आणि वेगळे काडतूस म्हणजे वेगळा पुरवठा, हे पाहता त्यात नवल नाही. चार लाखांहून अधिक कार्बाइनच्या या स्पर्धेत 2025 मध्ये एआरडीईचाच दुसरा आराखडा पुढे आला. तो घेऊन उतरलेली, मुंढव्यापासून बारामतीपर्यंत कारखाने असलेली पुण्याची भारत फोर्ज कंपनी सर्वांत कमी दराची निविदाकार ठरली. या कार्बाइनचा दस्ता आत सरकतो. मॅगेझिन मात्र चापाच्या पुढेच आहे.