घावन, धिरडी आणि त्यांचे सगेसोयरे

पाहुणा दारात उभा आणि डब्यात पोळी नाही, अशा वेळी मराठी घरात कुणी हातपाय गाळून बसत नाही. कुठलं तरी पीठ कालवलं जातं, तवा चढतो आणि पंधरा मिनिटांत पानात गरम काहीतरी पडतं. इतका अडीअडचणीचा सोबती, पण मानपानाचं विचाराल तर पुरणपोळी आणि मोदकांच्या पंगतीत त्याला बसायला पाट नाही. म्हणून यंदा दिवाळीत चकल्या-कडबोळ्यांना जरा बाजूला सारून या तव्यावरच्या गोतावळ्याची हजेरी घ्यायचं ठरवलं.

कुळ जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात खाण्यापिण्याचं सविस्तर वर्णन आहे आणि त्यात ‘धोसक’ येतो, तो डाळींच्या पिठाचा. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. त्या धोसकाचा वारस म्हणून सगळे डोशाकडे बोट दाखवतात. माझं मत विचाराल तर तांदळाच्या कुरकुरीत डोशापेक्षा आपलं मूगडाळीचं धिरडंच त्याला अधिक जवळचं.

या पदार्थांची वाटणी सहसा प्रांतांवर होते: कोकणचं घावन, देशावरचं धिरडं, सीमाभागातली आंबोळी. मला मात्र ती वेळेवर करावीशी वाटते. धिरडं थांबत नाही. पीठ कालवलं की तव्यावर. घावनाच्या तांदळाला भिजायला चार-पाच तास हवेत. आंबोळी रात्रभराची सवड मागते. तुमच्या घरी यातलं काय जास्त होतं यावरून त्या घराच्या घड्याळाचा अंदाज येतो.

धिरड्याला कुठलंच पीठ वर्ज्य नाही. बेसन, ज्वारी, नाचणी, थालिपिठाची भाजणी, काहीही चालतं. भिजवून वाटलेली मूगडाळ आलं-मिरची घालून केली तर लेकरांपासून आजाऱ्यापर्यंत सगळ्यांना चालते. काकडी किसून घातली की तिच्याच पाण्यात पीठ भिजतं, वरून पाणी लागत नाही. उपासाला वरी आणि साबुदाणा वाटून केलेली धिरडी, सोबत दाण्याची आमटी. हा बेत इतका फर्मास की उपास कशासाठी धरला होता हे विसरायला होतं. बेसनाच्या धिरड्यात टोमॅटो-कांदा पडला की तेच पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत ‘टोमॅटो ऑम्लेट’ होतं. त्यात अंडं औषधालाही नसतं आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही.

गोड धिरड्याची गोष्ट वेगळी. कणीक आणि गूळ, एवढंच भांडवल, पण बिघडायच्या जागा पुष्कळ. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, नाहीतर दाताखाली कचकच येते. दुधाचा मोह टाळलेला बरा. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची धास्ती. कणीक थोडी थोडी घालत गुठळ्या मोडायच्या, चिमूटभर मीठ आणि जायफळ, मग पीठ जरा मुरू द्यायचं. आच मंद हवी, कारण गूळ आधी करपतो आणि पीठ मागाहून शिजतं. कडेने तूप सोडलं की काठ जाळीदार आणि तपकिरी होतात. वर लोण्याचा गोळा. ज्यांना पाश्चात्त्य पद्धतीने पॅनकेकवर मेपल सिरप ओतायची हौस आहे त्यांनी एकदा या धिरड्यावर कोल्हापुरी काकवी ओतून पाहावी. तिकडे मेपलचा सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप होतं. इकडे गुऱ्हाळावर काकवी बाटलीत भरून मिळते. चवीला ती कुठेही कमी नाही, आणि धिरड्याशी तिचं जुनं जमतं.

आता घावन. यावर जरा रेंगाळणारच.

तांदूळ, पाणी आणि मीठ. बस्स. जिन्नस इतके कमी की लपायला जागा नाही. तांदूळ जुना हवा. नवा चिकट असतो, तव्याला धरून बसतो. धुऊन भिजवायचा, अगदी गंधासारखा बारीक वाटायचा आणि मग पाणी घालत ताकाइतका पातळ करायचा. नवशिके इथेच घाबरतात आणि पीठ दाट ठेवतात. मग घावन न होता तांदळाची जाडी पोळी होते. तांदळात गव्हासारखा चिकटा नसतो, त्यामुळे हे पीठ पळीने पसरायला गेलं की फाटतं. ते ओतायचं असतं. वाटीने, जरा उंचावरून, आधी कडेने आणि मग मध्याकडे. तवा असा तापलेला हवा की पीठ पडताच चर्र व्हावं. पातळ पिठातलं पाणी वाफ होऊन वर निघतं आणि त्याच वाटांची जाळी पडते. राहिलेल्या फटीत थेंबभर पीठ, लगेच झाकण. काठ आपोआप सुटले की झालं. उलटायची गरज नाही. आणि एक गोष्ट पुस्तकांत क्वचित सापडते: प्रत्येक वेळी पीठ तळापासून ढवळून घ्यायचं. तांदूळ खाली बसतो, वर निव्वळ पाणी राहतं. पाचव्या-सहाव्या घावनाला तवा बिघडला असं वाटतं, तेव्हा बहुधा पातेलं ढवळायचं राहिलेलं असतं.

तव्याला तेल लावायला अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवतात. काही घरांत वांग्याचा देठ, काही घरांत नारळाच्या सोडणाची कुंची. कांद्याचा वास मागे राहतो म्हणून गोडाच्या घावनाला सोडणच बरं, असं माझं मत. तवा बिडाचा असावा आणि तो घावनासाठीच राखावा. त्यावर पोळ्या-भाकऱ्या भाजल्या की कोरड्या आचेत तेलाचा मुरलेला थर जळून जातो आणि पुढचं घावन सुटता सुटत नाही. नॉनस्टिकवर घावन होत नाही असं नाही, पण त्या तव्याला रिकामं कडक तापवू नये असं सांगतात. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचं आवरण खराब होऊ लागतं. घावनाला तर कडक तवाच हवा.

उतरवलेली घावनं गरम असताना एकावर एक रचली तर चिकटून गोळा होतो. आधी चाळणीवर किंवा केळीच्या पानावर निवू द्यायची, मग चौघडी घालायची. सोबतीला काय, यावर मालवणात भांडणं लागू शकतात. ओल्या खोबऱ्याची चटणी ही किमान सोय. तिसऱ्यांचं सुकं किंवा कोंबडीचा रस्सा असेल तर घावन पोळीची जागा घेतं आणि पोळीपेक्षा रस्सा जास्त पितं. उन्हाळ्यात आमरस. गोडाला नारळाचं दूध, त्यात गूळ आणि वेलची. हाच रस घावनावर ओतून दोन मिनिटं थांबायचं. गोव्यातही पोळे आणि रोस ही जोडी अशीच चालते, फक्त तिथे रोसाच्या नावाखाली ऑम्लेटवरचा झणझणीत रस्साही मिळतो, तेव्हा मागताना नीट सांगावं.

कोकणात अनेक घरी गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं असतं. घाटलं म्हणजे नारळाच्या दुधात गूळ घालून तांदळाच्या पिठाने दाटसर केलेली खीरच म्हणा. किनारपट्टीवर काही घरांत याच गौरीला मासे-मटणाचाही मान असतो. देवीचं माहेर आहे, तिला काय आवडतं हे घर ठरवतं.

घावनाचा कळस म्हणजे सात कप्प्यांचं घावन. तव्यावर एक घावन ओतायचं, अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं चून पसरून उरलेला अर्धा त्यावर दुमडायचा. तव्याची अर्धी बाजू मोकळी झाली. तिथे दुमडीला लागून पुन्हा पीठ ओतायचं. ते आळलं की त्यावर चून आणि आधीची घडी उचलून त्याच्यावर पालथी. आता दुसरी बाजू मोकळी. असं करत करत सात पदर चढवायचे. मधेच घडी उलथताना चून सांडलं तर ते तव्यावर जळतं आणि धूर होतो, म्हणून आच सतत आवरावी लागते. शेवटी निघतो तो जाडजूड अर्धचंद्र, आणि सुरीने कापला की पांढऱ्या-तपकिरी पट्ट्या दिसतात. करायला फुरसत हवी, घाईत तोंडघशी पडायला होतं.

आंबोळीचं काम रात्री अंधारात होतं. तीन वाट्या तांदळाला वाटीभर उडीद आणि चमचाभर मेथी, वाटून झाकून ठेवायचं. पिठातले जिवाणू आम्ल आणि वायू तयार करतात. उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. म्हणून उडीद कमी पडला तर पीठ आंबट होतं पण फुगत नाही. उन्हाळ्यात आठ तासांत पातेल्याबाहेर येणारं पीठ डिसेंबरात सकाळी तसंच थंड बसलेलं असतं. त्याला गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवावं. परदेशातल्या मराठी घरांत ओव्हनचा दिवा लावून आत पीठ ठेवण्याची युक्ती सर्रास आहे. आंबोळी जाडसर ओतायची, झाकायची, आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत खायची. दुसऱ्या दिवशीची गार आंबोळी चहात बुडवणारे लोक मला भेटले आहेत. त्यांची बाजू मला पटते. तिचीच गोड बहीण खापरोळी: हळदीने पिवळी, फुगीर, गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात पोहणारी. मिळाली तर सोडू नये.

शेजारपाजारही समृद्ध आहे. तुळुनाडूचा नीर डोसा हा घावनाचा जवळजवळ जुळा भाऊ. सारस्वतांची सुर्नळी पोहे, ताक आणि गुळाची, एकाच बाजूने भाजलेली, वर लोणी. पारशी घरांतलं चापट अंडी-दुधाचं, जायफळाच्या वासाचं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत चहाच्या वेळी होणारी आलेबेले म्हणजे मैदा-अंड्याच्या पातळ पोळीत खोबरं आणि माडाचा काळा गूळ. विलायती पॅनकेकच्या तयार पुड्याही आता वाण्याकडे मिळतात. मुलांना आवडतात, आवडू देत. पण त्या पुड्यात बहुतेक मैदा, साखर आणि फुगवायची पावडर. एवढं तर आपल्याही घरात असतं.

आता वाढण्याबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. हे सगळे पदार्थ तव्यावरून थेट पानात यायला हवेत. त्यामुळे एक जण तव्यापाशी उभी राहते, बाकीचे जेवत राहतात आणि तिच्या वाट्याला शेवटची दोन घावनं येतात, तीही तळाच्या पिठाची, जाडी. ‘गरमगरम वाढतेय’ याचं कौतुक होतं, पण तिने गरम खाल्लं का हे कुणी विचारत नाही. उपाय साधा आहे. दोन शेगड्यांवर दोन तवे, आणि प्रत्येकाने आपल्यानंतरच्यासाठी दोन घावनं ओतायची. हात बसायला वेळ लागत नाही. पहिली दोन फाटतील, ती ओतणाऱ्यानेच खावीत.

भाऊबीजेपर्यंत फराळ नकोसा होतोच. त्या दिवशी ओवाळून झालं की भावाच्या हाती उलथणं द्या आणि बहिणीला पहिल्या पंगतीला बसवा. तांदूळ मात्र आदल्या रात्रीच भिजत घाला, सकाळी आठवून उपयोग नाही.