*रब्बी सल्ला : घोणस ओळखा, जीव जपा*



ऊसतोड सुरू आहे, गहू-हरभऱ्याला पाणी चालू आहे आणि थ्री फेज लाइट बऱ्याच जणांना रात्रीच मिळते. घोणसही रात्रीच बाहेर पडते. त्यात हिवाळा हा तिच्या मीलनाचा काळ, म्हणून या दिवसांत ती जास्त फिरते. काही भागांत तिला परड म्हणतात. आजचा मेसेज तिच्याबद्दल.

*कशी ओळखायची?*
▪️ अंग जाड, शेपटी आखूड, रंग तपकिरी किंवा मातकट. लांबी साधारण तीन-चार फूट.
▪️ पाठीवर लांबट गोल गडद ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीच्या कड्यांसारख्या. ठिपक्यांना काळी-पांढरी कड.
▪️ डोके त्रिकोणी, मानेपेक्षा रुंद. नाकपुड्या मोठ्या.

*अजगराचं पिल्लू समजू नका.* बरेच जण इथेच फसतात आणि हात लावतात. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात आणि अंग गुळगुळीत, चकचकीत. घोणसचे ठिपके ओळीत आणि अंग खरखरीत. दुरक्या घोणस हा बिनविषारी सापही असाच दिसतो. शंका आली तर घोणसच आहे असं धरून चाला. जवळ जाऊन खात्री करत बसू नका.

*ती पळत नाही, हे लक्षात ठेवा*
धामण चाहूल लागताच निघून जाते. घोणस मात्र जागेवरच वेटोळं करून बसते. पाचटात, बांधावरच्या गवतात तिचा रंग इतका मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार काढते. आवाज आला की जागीच थांबा, बॅटरी मारून ती कुठे आहे ते बघा आणि सावकाश मागे या. आळशी वाटली तरी दंश विजेसारखा करते.

उंदीर हे तिचं मुख्य खाद्य. कडब्याची गंजी, पाचटाचे ढीग, धान्याची जागा, जिथे उंदीर तिथे ती येणार. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते. साधारण मे ते जुलैमध्ये एका वेळी 20 ते 40. वीतभर पिल्लूही जन्मापासून विषारी असतं.

*शेतात काय करायचं?*
✅ रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट आणि चांगली बॅटरी. अनवाणी किंवा चपलेवर नको.
✅ मोळी, पाचट, कडबा उचलण्याआधी काठीने हलवा. थेट हात घालू नका.
✅ मोटारीच्या पेटीभोवतीचं गवत काढा.
✅ साप घरात किंवा गोठ्यात दिसला तर वन विभागाला 1926 वर फोन करा. मारायला जाणाराच चावून घेतो.

*चावली तर?*
घोणसचं विष रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं. चावल्या जागी जोरात दुखतं, सूज चढते. पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकतं, लघवी कमी होते, किडनी निकामी होऊ शकते. म्हणून एकेक तास महत्त्वाचा.

✅ 108 ला फोन करा. चावलेला हात-पाय हलू देऊ नका. अंगठी, कडं, जोडवी, घड्याळ लगेच काढा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा.
❌ दोरीने आवळू नका. चिरा मारू नका, आधीच रक्त गोठत नसतं. झाडपाला, मंत्र, दुखण्याची गोळी काही नको.
❌ साप पकडून दवाखान्यात नेऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे.

दवाखान्यात डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त 20 मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय हे कळतं. सुरुवातीला बरं वाटलं तरी 24 तास देखरेखीखाली राहा, घरी येण्याची घाई नको.

तुमच्या तालुक्यात प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते *आजच* विचारून ठेवा. चावल्यावर चौकशीत वेळ जातो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना हा मेसेज वाचून दाखवा. तोडणीवाल्या मजुरांना तर नक्की सांगा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी