भोकांची भाषा

'परफोरेशन' म्हणजे काय, असे विचारले की मुले 'भोके पाडणे' म्हणतात. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. विटेतही बारीक भोके असतात. तिला आपण सच्छिद्र म्हणतो. परफोरेशन म्हणजे आरपार गेलेले छिद्र, आणि बहुधा मुद्दाम, ठरावीक जागी पाडलेले. डॉक्टर मात्र कानाच्या पडद्याला आपोआप पडलेल्या भोकालाही हाच शब्द वापरतात.

भारतातील 1854 सालची टपाल तिकिटे कात्रीने कापावी लागत. पुढे तिकिटांमध्ये छिद्रांच्या रांगा आल्या आणि कात्री सुटली. असे का होते? शिलाई मशीनमध्ये दोरा न घालता कागदावर एक रांग मारा आणि कागद ओढा. छिद्रांमुळे त्या रेषेवर कागद कमी उरतो. सगळा ताण मधल्या अरुंद पट्ट्यांवर एकवटतो, आणि कागद तेथेच फाटतो. म्हणजे येथे छिद्राचे काम कागद दुबळा करणे.

पण छिद्र निरोपही देऊ शकते. हे आम्हांला येवल्यात पाहायला मिळाले. पैठणीचा पारंपरिक पदर विणकर एकेक धागा मोजून, कांड्यांवरचे रंगीत धागे गुंतवत हाताने विणतो. काही मागांवर मात्र वर जकार्ड बसवलेले असते. पुठ्ठ्याच्या छिद्रे पाडलेल्या पट्ट्या एकमेकींना ओवून त्यांची माळ केलेली असते. पावडी दाबली की एक पट्टी सुयांसमोर येते. भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिचा ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग धोटा फिरतो. पुढच्या वेळी पुढची पट्टी.

फ्रान्समधील जकार्ड यांनी 1804 च्या सुमारास हा माग बनवला. 1890 च्या अमेरिकी जनगणनेत माणसांची माहिती अशाच छिद्रित कार्डांवर मोजली गेली, आणि पुढे संगणकांनाही अनेक वर्षे आज्ञा कार्डांवरून मिळत.

वर्गात पुठ्ठ्याच्या पट्टीवर आठ जागा आखा. प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, एवढेच ठरवायचे. किती वेगवेगळ्या पट्ट्या होतील? 256. मग विचारा : येवल्यातल्या पट्टीवर एक भोक चुकून जास्त पडले तर? ती पट्टी फिरून येईल तेव्हा प्रत्येक वेळी तोच धागा उचलला जाईल, आणि प्रत्येक बुट्टीत तीच चूक उमटेल. भोक म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे, हे मुलांना येथे आपोआप कळते.