गवताच्या वर दोन सेकंद

आवाज आधी येतो. ओल्या कुरणातून, कुठून ते नेमकं कळू नये असा, कोरडा ‘टर्रर्र’. नवख्या माणसाला वाटतं, डबक्यात बेडूक ओरडला. तो डबक्याच्या दिशेला पाहत राहतो आणि तेवढ्यात पाठीमागे गवतातून एक काळा-पांढरा पक्षी सरळ वर उसळतो, पुरुषभर उंचीवर पंख फडफडवतो, मान मागे टाकतो आणि दगड टाकावा तसा खाली पडून दिसेनासा होतो. सगळा प्रकार जेमतेम दोन सेकंदांचा. शेजारी उभा असलेला वनखात्याचा चौकीदार मात्र तोवर घड्याळात पाहून वहीत वेळ लिहून मोकळा झालेला असतो.

हा तणमोर. माळव्यात त्याला खरमोर म्हणतात. मराठीतलं तण आणि हिंदीतल्या ‘खरपतवार’मधलं खर, दोन्हींचा अर्थ गवत. म्हणजे दोन्ही भाषांनी त्याला गवतातला मोरच ठरवलं. कुळ मात्र माळढोकाचं, आणि त्या कुळातला हा सर्वांत लहान. नर जेमतेम अर्धा किलोचा, कोंबडीएवढा. मादी त्याच्याहून मोठी आणि जड. उड्या मारायच्या तर अंग हलकं हवं, असं अभ्यासक या फरकाचं कारण सांगतात. विणीच्या दिवसांत नराची मान आणि पोट काळंभोर होतं, खांद्यावर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि कानामागून दोन्ही बाजूंना रिबिनीसारखी लांब पिसं निघतात, टोकाला चमच्यासारखी रुंद, वर वळलेली. पाऊस सरला की हा साज उतरतो आणि नरही मादीसारखा मातकट दिसू लागतो.

बागलीहून सरदारपूरजवळच्या या कुरणापर्यंत यायचं तर सगळा पश्चिम माळवा ओलांडावा लागतो. बागली देवास जिल्ह्यात, काळी सिंध जिथे उगम पावते त्या डोंगराळ भागात. तिथून इंदूर, मग धार, आणि धारहून अहमदाबादच्या रस्त्याने पश्चिमेला सरदारपूर. होळकरांचं इंदूर, पवारांचं धार आणि देवास. या वाटेवर मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदताहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही की जगातल्या अतिशय दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक आपल्याच भागातल्या शेतात दर पावसाळ्यात पाहुणा येतो.

सरदारपूर आणि शेजारच्या रतलाम जिल्ह्यातलं सैलाना, दोन्ही अभयारण्यं १९८३ साली खरमोरासाठीच जाहीर झाली. सैलान्याचं क्षेत्र तेरा चौरस किलोमीटरच्या आत, तर सरदारपूरचं तेव्हा कागदावर ३४८ चौरस किलोमीटर. पण या मोठ्या आकड्यात खरं गवत थोडं. बाकी सगळी माणसांची शेतं, चौदा गावांची. खात्याच्या ताब्यातलं पानपुऱ्याचं कुरण हाच काय तो गाभा. माळव्यात कुरणाला ‘बीड’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द एका जिल्ह्याचं नाव आहे, इथे तो गुरांचा चारा आहे आणि खरमोराचं घरही.

पाहणीचं काम जुलैत पहिला दमदार पाऊस झाला की सुरू होतं. कुरणाचे भाग पाडलेले असतात. उजाडायच्या आधी माणसं आपापल्या जागी, मचाणावर किंवा एखाद्या टेकाडावर जाऊन बसतात. दुर्बीण, वही, जीपीएस, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकचं इरलं. मग बसून राहायचं. सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन, ही नराची उडण्याची मुख्य वेळ. आभाळ भरून आलेलं असेल तर तो दिवसभरही उडतो. विणीच्या ऐन भरात एका नराने दिवसाकाठी पाचशेच्या वर उड्या मारल्याच्या नोंदी आहेत.

एवढ्या उड्या कशासाठी? गुडघा-मांडीएवढ्या गवतात अर्ध्या किलोचा पक्षी मादीला दिसणार कसा? म्हणून तो गवताच्या वर येतो. तो ‘टर्रर्र’ आवाजही गळ्यातला नसून पंखांचा आहे. बाहेरच्या पिसांना टोकाशी खाच असते, फडफडताना हवा त्यातून कापली जाते. शांत सकाळी तो तीन-चारशे मीटरवर सहज ऐकू येतो. प्रत्येक नराची उडायची एक ठरलेली जागा असते, बहुधा जरा उंचवट्यावरची, आणि तो पुन्हा पुन्हा तिथूनच उडतो. पाहणी करणाऱ्याचं सगळं गणित या सवयीवर उभं आहे. एकच नर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून दोन ठिकाणची माणसं आपापल्या नोंदींच्या वेळा ताडून पाहतात. सात वाजून बारा मिनिटांनी दोन वेगळ्या जागांवर उडी झाली असेल तर नर दोन.

मादी मोजताच येत नाही. ती गवताच्या रंगाची, उड्या मारत नाही, ओरडत नाही, पायाखाली येईपर्यंत हलत नाही. त्यामुळे देशभरचे सगळे अंदाज उडणाऱ्या नरांवरून बांधलेले आहेत. १९८२ साली देशात सुमारे ४,३७४ तणमोर असल्याचा अंदाज होता, १९८९ पर्यंत तो १,६७२ वर आला. १९९४ साली चांगल्या पावसानंतर २,२०६. पुढे २०१७ च्या पाहणीत, ज्यात भारतीय वन्यजीव संस्थेसह इतर संस्था होत्या, नरांचा आकडा ३५० च्या आसपास निघाला. २०२१ साली आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी ‘संकटग्रस्त’ वर्गातून उचलून ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात टाकावा लागला.

या आकड्यांमागे ज्यांची उन्हा-पावसातली वर्षं आहेत, त्यांत रवी शंकरन यांचं नाव आधी घ्यायला हवं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ऐंशीच्या दशकात माळढोक कुळाचा अभ्यास हाती घेतला, डॉ. असद रहमानी त्यात अग्रभागी होते, आणि शंकरन सैलान्याच्या कुरणात खरमोराच्या उड्या मोजत बसले. खरमोराच्या वागणुकीबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं त्याचा मोठा भाग त्यांच्या नोंदींतून आलेला आहे. २००९ साली ते अकाली गेले.

मोजणी हा या कामाचा दिसणारा भाग. राखण वेगळी, आणि ती वर्षभर चालते. पावसाळ्यात कुरणाला गुरं लागू द्यायची नाहीत. गावची मोकाट कुत्री हाकलायची. उन्हाळ्याच्या आधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे एका बाजूला लागलेली आग सगळं बीड खाणार नाही. घाणेरी आणि विलायती बाभूळ उपटत राहायची, कारण झुडपं माजली की पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं मागे हटतात आणि खरमोरही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कापणी लांबवायची. मादी जमिनीवर नुसत्या खळग्यात तीन-चार अंडी घालते, एकवीस दिवस एकटीच उबवते, नर फिरकतही नाही. पिल्लं अंड्यातून बाहेर पडताच चालू लागतात, पण उडता येईपर्यंत त्यांना लपायला गवत लागतं. सप्टेंबरच्या मध्यात विळा चालला तर सगळा हंगाम वाया गेला.

घरटं मात्र शोधायचं नाही. हे नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. उत्साहाने कुरणात शिरलेल्या माणसाच्या मागे गवतात एक पायवाट पडते आणि त्याच वाटेने रात्री कोल्हा किंवा कुत्रा घरट्यापर्यंत पोचतो. इथली माया लांबून करायची असते. तिला फार संयम लागतो, आणि वहीत सलग कित्येक दिवस ‘काही दिसलं नाही’ असं लिहायची तयारीही. अलीकडच्या वर्षांत सरदारपूरकडे दिसलेले खरमोर बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. तरीही दर पावसाळ्यात मचाणावर माणूस चढतो, कारण न दिसल्याची नोंदही कोणीतरी तिथे बसल्याशिवाय होत नाही.

पक्षी कुरणाची हद्द मानत नाही. गवत कमी पडलं की नर शेजारच्या सोयाबीनमध्ये उतरतो. माळव्यात सोयाबीन सत्तरच्या दशकात आलं आणि बघता बघता खरिपाचं मुख्य पीक झालं. गुडघाभर हिरवं पीक त्याला गवतासारखंच वाटत असावं. पण त्या पिकावर फवारणी होते, आणि खरमोराचं पोट नाकतोडे, भुंगेरे, अळ्या यांच्यावर. म्हणून चौकीदाराची सकाळ कुरणात जाते तशी दुपार बांधांवर जाते.

‘दादा, आज बोलला का?’

‘बोलला नं, खालच्या वावरात. विजेच्या खांबापाशी.’

संवाद असा माळवीतून होतो, दोन वाक्यांचा, चहा पिता पिता. या दोन वाक्यांसाठी आधी वर्षभर त्या घरी जाणं-येणं ठेवावं लागतं. खरमोराची खबर देणाऱ्या आणि तो शेतात असेतोवर राखणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस देण्याची योजना रतलाम-धार भागात वनखात्याने राबवली, आणि ती शहाणपणाची होती. पक्षी आपल्या रानात आला तर घरात चार पैसे येतात, हे कळल्यावर राखणीला माणसं मिळतात.

त्याच माणसांची दुसरी बाजूही ऐकायला हवी. अभयारण्याच्या हद्दीतल्या चौदा गावांना वर्षानुवर्षं स्वतःच्या जमिनीची खरेदी-विक्री करता आली नाही. मुलीचं लग्न निघालं, घरात आजारपण आलं, विहीर खणायची झाली, तरी स्वतःच्या नावावर असलेली जमीन विकता येत नव्हती. अशा घरातल्या माणसाने खरमोरावर प्रेम करावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आपल्याकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं हेच झालं. १९७९ साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरची रेघ ओढली, त्यात गावंच्या गावं आणि शहरंही आली, पुढे ती रेघ पुसून लहान करावी लागली. तोवर लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल जी अढी बसायची ती बसली. नकाशावर मोठी रेघ ओढण्यापेक्षा लहान कुरण नीट राखणं आणि भोवतीच्या शेतकऱ्याला मोबदला देणं, हा मार्ग न्यायाचा आहे आणि पक्ष्याच्याही उपयोगाचा आहे.

लोकांना सोबत घेऊन राखण करण्याचा अनुभव विदर्भात आहे. अकोला-वाशिम भागातल्या माळांवरही तणमोर येतो आणि तिथे त्याला सर्वांत चांगला ओळखणारा समाज म्हणजे फासेपारधी. कोणत्या गवतात कोणता पक्षी बसतो आणि फास कुठे लावायचा, हे त्यांना पिढीजात ठाऊक. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ या संस्थेने याच लोकांना हाताशी धरून गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम उभं केलं. पक्षी पकडायला जी नजर लागते तीच त्याला शोधायलाही लागते. शहरातून आलेला पदवीधर जिथे तासभर दुर्बीण फिरवतो, तिथे पारधी गवताचं वाकलेलं पातं पाहून बोट दाखवतो. माळव्यातल्या राखणीलाही असेच हात हवेत.

इंग्रज अमदानीत साहेब लोक याला ‘लीख’ म्हणत आणि पावसाळ्यात, तो उडून स्वतःची जागा दाखवत असतानाच, त्याची शिकार करत. आज बंदूक नाही. आज विजेच्या तारा आहेत, फवारे आहेत, कुरणाला ‘पडीक’ ठरवून त्यात खड्डे खणून लावलेली झाडं आहेत. गवताळ माळ पडीक नसतो. त्यावर गाई-बकऱ्या जगतात, लांडगे आणि काळवीट जगतात. झाड लावणं चांगलं काम आहे हे इतकं मनावर बिंबलं आहे की कुरणात झाड लावणं हे नुकसान आहे, असं सांगायला गेलं की समोरचा माणूस चमकतो. पण खरमोराला झाडाची सावली नको, त्याला उघडं आभाळ आणि मांडीएवढं गवत हवं.

आणि आता कॅमेरे आहेत. नर कुठे उडतो हे एकदा फोनवरून पसरलं की गाड्या थेट बांधापर्यंत येतात. माणसांची वर्दळ वाढली की नर उडायचा थांबतो. त्याच्याकडे उडायला वर्षातले दोन-अडीच महिनेच असतात, त्यातली एक सकाळ गेली तर ती गेली.

तेव्हा ऑगस्टात धार-सरदारपूरच्या रस्त्याने जाणं झालं तर गाडी डांबरावरच उभी करा, इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं कान द्या. ‘टर्रर्र’ ऐकू आला तर कुरणात उतरू नका. वेळ आणि जागा कागदावर लिहा, जवळच्या वनचौकीत नेऊन द्या, आणि ती जागा दुसऱ्या कोणालाही सांगू नका.